बेळगाव भागातली छोटी म्युझियम, किल्ले आणि जुनी देवळं: सारखे येणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं बेळगाव, खानापूर, कित्तूर, सौंदत्ती या पट्ट्यात जुनी ठिकाणं बघत फिरतेय. कुणाला फोटो पाठवले की लगेच मेसेज येतो, हे कुठं आहे, कसं जायचं, उघडं असतं का. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवले. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. बेळगाव भागात बघण्यासारखं म्युझियम आहे तरी का? सगळे म्हणतात कोल्हापूरला नाहीतर विजापूरला जा.

आहेत, पण मोठमोठी दालनं डोक्यात ठेवून जाऊ नका. कित्तूरला किल्ल्याच्या आवारातच राज्य पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे, बेळगावात रिसालदार गल्लीत विवेकानंदांचं स्मारक आहे, टिळकवाडीत १९२४ च्या अधिवेशनाचं स्मारक आहे. एवढं झालं की बाकीचा खजिना उघड्यावरच आहे, देवळाच्या ओट्यावर, तळ्याच्या काठाला, गावच्या वेशीत.

कोल्हापूरचं टाऊन हॉल म्युझियम १९४६ पासून आहे, ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथं आहे आणि ती बघितलीच पाहिजे. विजापूरला गोलघुमटासमोरच्या नगारखान्यातलं म्युझियमही सुंदर. पण तिथं वस्तू आपल्या जागेवरून उचलून काचेत आलेल्या असतात. आपल्याकडं दगड अजून जिथं रोवला तिथंच आहे, त्याच्या शेजारी तेच शेत, तीच विहीर, आणि त्या दगडाला नावानं ओळखणारी माणसं. मला हे जास्त मोलाचं वाटतं, म्हणून मी आधी जवळचं बघा म्हणते.

२. एकच रविवार मिळतोय, मुलं बरोबर आहेत, सुरुवात कुठून करू?

सकाळी बेळगावचा किल्ला आणि त्यातली कमल बस्ती, बस्ती म्हणजे जैन मंदिर (प्रश्न ६ आणि ७), जेवून दुपारी कित्तूर (प्रश्न ९). कित्तूर हायवेनं साधारण ५० किलोमीटर, तासाभरात पोचता. वाटेत पाच ठिकाणं घालू नका. मुलांना दोन ठिकाणं नीट बघू दिली तर घरी येऊन दिवाळीच्या किल्ल्यात कित्तूरचा दरवाजा करतात, आणि दिवसात सात ठिकाणं दाखवली तर गाडीत झोपतात.

३. वेळ काय, सुट्टी कधी, तिकीट किती?

उघड्यावरच्या ठिकाणांना उजेड आहे तोवर जाता येतं. म्युझियमला मात्र आठवड्याची सुट्टी असते. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची, म्हणजे एएसआयची बदामी-विजापूरसारखी म्युझियम शुक्रवारी बंद असतात, राज्य खात्याची बहुतेक सोमवारी. त्यात सरकारी सुट्ट्या आणि दुपारची जेवणाची वेळ धरा. म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचाराच, आणि फोन लागला नाही तर सकाळी अकराच्या आसपास पोचा, तेव्हा दार उघडं सापडायची शक्यता सगळ्यात जास्त.

तिकिटाचं टेन्शन घेऊ नका, कमल बस्ती किंवा हलशीच्या देवळाला तिकीट नाही. एएसआयच्या जिथं तिकीट आहे तिथं १५ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. खिशात सुटे पैसे मात्र ठेवा, खेड्यात रेंज गेली की ऑनलाइन पेमेंट अडकतं.

४. एवढं लांब गेलो आणि कुलूप! आता काय?

हे माझंही कितीदा झालंय. एका ठिकाणी दीड तास बस बदलत गेले, तर दाराला कुलूप आणि बोर्डावर सुट्टीचा वार सुद्धा लिहिलेला नाही. मी पायरीवर बसून डबा खाल्ला, तेवढ्यात समोरच्या किराणा दुकानातले काका आले आणि म्हणाले, "किल्ली त्या निळ्या दाराच्या घरात असते की ओ, विचारा जावा." दहा मिनिटांत दार उघडलं.

खेड्यातल्या देवळाची, बस्तीची किल्ली पुजाऱ्याच्या नाहीतर गुरवाच्या घरी असते. दुपारी बारा ते चार झोपेची वेळ, तेव्हा दार वाजवू नका. किल्ली घेऊन माणूस आला तर त्याला घाई करू नका, आधी त्याच्याकडून ऐका, मग बघा, आणि निघताना देवळाच्या पेटीत काहीतरी टाका. सरकारी म्युझियमचं कुलूप असं उघडत नाही, तिथं वाद घालण्यात अर्थ नाही, आवारातले दगड बघून या.

५. आम्हाला कन्नड येत नाही. बोर्ड सगळे कन्नडमध्ये, लोक नीट बोलतील का?

बोलतात. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात मराठीवर भागतं, बैलहोंगल, कित्तूर, सौंदत्तीकडं कन्नडच चालतं, पण तिकडंही बाजारात, हॉटेलात मोडकंतोडकं मराठी-हिंदी समजणारं कुणीतरी भेटतं. चार शब्द शिकून जा. गुडी म्हणजे देऊळ, कोटे म्हणजे किल्ला, शासन म्हणजे शिलालेख, वीरगल्लु म्हणजे वीरगळ (प्रश्न १३). "कीली यार हत्तिर ऐति?" म्हणजे किल्ली कुणाकडं आहे. हे एवढं तुटकं बोललात तरी समोरचा माणूस हसून पुढचं सगळं स्वतः करतो.

एक मनापासून सांगते. या भागातले जुने लेख बहुतेक हळेकन्नडात, म्हणजे जुन्या कन्नडात आहेत, आणि आपल्या गल्लीतली बोली मराठी आहे, त्यामुळं कुणाचं काय असा वाद काढायचा मोह होतो. दगडासमोर उभं राहून तो वाद करू नका. रट्ट या इथल्या जुन्या राजांचा दगड जपणारी आजी मराठी बोलते आणि मराठ्यांच्या गडाखालचा शेतकरी कन्नड बोलतो, इथं हे असंच आहे आणि म्हणून तर ते जपलं गेलंय.

६. बेळगावचा किल्ला मिलिटरीच्या ताब्यात आहे ना? आत सोडतात?

सोडतात. आत रस्ता आहे, माणसं राहतात, ऑफिसं आहेत, रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. पण काही भाग लष्कराचा आहे आणि तिथं पाटी लावलेली असते. पाटी दिसली की पुढं जायचं नाही आणि मोबाइल खिशात. गेटवरच्या जवानाला विचारलंत की कुठं फोटो चालतो ते तो सरळ सांगतो. ड्रोन तर विसराच.

किल्ला रट्टांच्या काळातला, १२०४ च्या सुमाराचा, बिचिराजानं बांधलेला, पुढं बहामनी, आदिलशाही, मराठे आणि १८१८ ला इंग्रज असे मालक बदलले. दरवाजात दुर्गेचं आणि गणपतीचं देऊळ लागतं. आत घुसायच्या आधी दहा मिनिटं बाहेर खंदकाच्या कडेनं चाला, कारण हा किल्ला डोंगरावर नाही, सपाटीवर आहे, आणि सपाटीवरच्या किल्ल्याची सगळी ताकद त्या खंदकात असते हे तिथं उभं राहिलं की कळतं. आतली साफा मशीद बघायची असेल तर प्रश्न १२ वाचा.

७. कमल बस्तीत नेमकं काय बघायचं? आम्ही पाच मिनिटांत बाहेर आलो.

वर बघितलं नाही म्हणून. मंडपाच्या मधोमध उभं राहा आणि मान वर करा, छतातून दगडी कमळ खाली लोंबतंय, त्याच्या ७२ पाकळ्या, भूत-वर्तमान-भविष्य या तीन काळांतले २४-२४ तीर्थंकर. नावच त्यावरून पडलंय. मान दुखते म्हणून मी मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करून हातात आडवा धरते आणि त्यात खाली बघत सावकाश फिरते, पाकळी न् पाकळी दिसते.

मग खांब बघा. काळा दगड, कातल्यासारखे गोल, आणि इतके गुळगुळीत की दारातून येणारा उजेड त्यावर उभ्या रेघेसारखा पडतो. गाभाऱ्यात नेमिनाथ. बस्ती १२०४ ची, रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या काळात त्याचा मंत्री बिचिराज यानं बांधलेली, म्हणजे किल्ला आणि बस्ती एकाच माणसाच्या हातची. रट्टांची राजधानी आधी सौंदत्तीला होती, तेव्हाचं सुगंधवर्ती, मग ती इथं वेणुग्रामात आली. वेणु म्हणजे वेळू, त्यावरून आपलं बेळगाव. शेजारी चिक्की बस्तीचे अवशेष आहेत, तिकडं लोक फिरकतच नाहीत, तुम्ही जा.

८. गांधीजी बेळगावला आले होते ती जागा कुठं? विवेकानंदांचं घर पण बघायचंय.

काँग्रेसच्या ज्या एकमेव अधिवेशनाचे गांधीजी अध्यक्ष होते ते बेळगावला झालं, २६ आणि २७ डिसेंबर १९२४. जागा टिळकवाडीत. काँग्रेस रोड हे नाव त्यावरूनच, आणि रोज त्या रस्त्यावरून स्कूटर नेणाऱ्या कित्येकांना ते माहीत नसतं. अधिवेशनाला आलेल्या लोकांच्या पाण्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर अजून आहे. जवळच वीरसौध, म्हणजे अधिवेशनाचं स्मारक, तिथं फोटो आहेत. हे सगळं उभं करण्यात गंगाधरराव देशपांडे पुढं होते, त्यांचं गाव हुदली, तिथं खादीचं काम चालतं, वेळ असेल तर तिकडंही जा. त्याआधी १९१६ ला लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची सुरुवातही बेळगावातच झाली होती.

विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात आले, शिकागोच्या आदल्या वर्षी, तेव्हा त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. रिसालदार गल्लीत भाटे वकिलांच्या घरी उतरले, ते घर आता रामकृष्ण मिशनकडं आहे. त्यांनी वापरलेला पलंग, काठी आणि आरसा जपून ठेवलाय. त्या आरशासमोर मी प्रत्येक वेळी थांबते. मोठ्या माणसाच्या तलवारी-मुकुटांपेक्षा अशी रोजच्या वापरातली वस्तू त्याला जास्त जवळ आणते.

९. कित्तूरला पडका वाडाच आहे ना, त्यात काय बघायचं?

पडक्या वाड्यातच सगळं आहे. राणी चन्नम्मांच्या वाड्याच्या भिंती आता कंबरेएवढ्या, छातीएवढ्या उरल्यात, छप्पर नाही, त्यामुळं घराचा नकाशा पायाखाली उघडा पडलाय. स्वयंपाकघर कुठलं, न्हाणीघर कुठलं, पाणी कुठून यायचं, हे चालत चालत लावता येतं. मुलांना सांगा, या घरात सकाळी उठून तुम्ही कुठून कुठं गेला असता ते दाखवा. अर्धा तास कुठं जातो कळत नाही. ध्रुवतारा बघायसाठी केलेली जागाही तिथंच आहे, एका नळीतून तो दिसायचा असं सांगतात, विचारून शोधा.

गोष्ट आधी माहीत पाहिजे, नाहीतर नुसत्या भिंती. दत्तक वारस इंग्रजांनी नाकारला, २३ ऑक्टोबर १८२४ ला धारवाडचा कलेक्टर थॅकरे फौज घेऊन आला आणि याच किल्ल्यासमोर मारला गेला. म्हणजे १८५७ च्या तेहतीस वर्षं आधी. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले, किल्ला पडला, राणींना बैलहोंगलला कैदेत ठेवलं आणि तिथंच फेब्रुवारी १८२९ मध्ये त्या गेल्या.

वाडा झाला की म्युझियम, त्याच्या उलट नको. आत वाड्यातलं कोरीव लाकूडकाम, दारं-खिडक्या, शस्त्रं, मूर्ती, शिलालेख आहेत. चौकटी बघताना मघाशी बाहेर बघितलेल्या भिंतीत त्या कुठं बसत असतील असा विचार करा, मग त्या लाकडात जीव येतो. ऑक्टोबरात २३ पासून कित्तूर उत्सव असतो, जत्रा बघायची तर तेव्हा, ठिकाण बघायचं तर दुसऱ्या कधीही.

१०. चन्नम्मा आणि रायण्णा, दोघांशी जोडलेली सगळी ठिकाणं एका फेरीत होतील का?

एका दिवसात ओढाताण होते. चन्नम्मांचं माहेर काकती, बेळगावला लागूनच कोल्हापूरच्या वाटेवर. समाधी बैलहोंगलला. चन्नम्मांच्या बाजूनं इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाचं गाव संगोळ्ळी बैलहोंगल तालुक्यात. आणि त्याला फाशी दिली ते नंदगड खानापूर तालुक्यात, म्हणजे पार दुसऱ्या दिशेला. तारीख २६ जानेवारी १८३१. म्हणून दोन फेऱ्या करा, काकती-कित्तूर-संगोळ्ळी-बैलहोंगल एक, आणि नंदगड हलशीच्या वाटेवर आहे तर ते त्या दिवशी (प्रश्न ११). नंदगडला समाधीपाशी वडाचं झाड आहे, लोक नवस बोलतात. तिथं ट्रिपचा आरडाओरडा करू नका एवढंच.

११. हलशीला एवढं काय आहे? रस्ता पण लहान आहे म्हणतात.

रस्ता लहान आहे, पण जा. खानापूरवरून नंदगडमार्गे जायचं. हलशी म्हणजे पलाशिका, कदंब राजांची बनवासीनंतरची दुसरी राजधानी. पाचव्या शतकात मृगेशवर्म्यानं वडिलांच्या आठवणीसाठी इथं जैन मंदिर बांधलं हे हलशीलाच सापडलेल्या ताम्रपटांमुळं कळलं. दीड हजार वर्षांपूर्वी जे गाव राजधानी होतं तिथं आज तुम्ही उतरता तेव्हा कोंबड्या फिरत असतात आणि कुणाच्या तरी अंगणात भात वाळत असतो.

भूवराह नरसिंहाचं देऊळ नंतरचं, बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांचं. त्यात दोन गाभारे समोरासमोर आहेत. मधल्या मंडपात उभं राहिलं की एका बाजूला पृथ्वीला उचललेला वराह आणि पाठीमागं दुसरा गाभारा, दोन्ही देवांच्या नजरेत आपण. बाहेरून शिखरं लांबून बघा, मग जवळ या. गावात अजून कल्लेश्वर, सुवर्णेश्वर आहेत, थोड्या अंतरावर टेकडीवर रामतीर्थ. कदंब राजा शिवचित्ताची राणी कमलादेवी हिनं बांधवलेलं कमलनारायणाचं देऊळ मात्र देगावला आहे, ते कित्तूरपासून जवळ पडतं, म्हणून ते प्रश्न ९ च्या दिवशी जोडा. तिप्पोज नावाच्या शिल्पकाराचं काम. कारागिराचं नाव माहीत असणं या काळात फार कमी ठिकाणी घडतं, तर ते नाव लक्षात ठेवून बघा.

१२. चालू देवळात, बस्तीत, मशिदीत नुसतं बघायला गेलं तर चालतं का? कपडे?

चालतं, पण ती त्यांची रोजची जागा आहे, आपण पाहुणे. चप्पल बाहेर, बस्तीत चामड्याचा पट्टा-पाकीट सुद्धा बाहेर. गाभाऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय नको, आणि पुजारी नको म्हणाले तर विषय संपला, एएसआयचा बोर्ड दाखवून भांडू नका. मशिदीत नमाजाची वेळ सोडून जा, शुक्रवारची दुपार टाळा, बायकांनी डोक्यावर ओढणी घेतलेली बरी. साफा मशीद लष्करी आवारात येते म्हणून गेटवर आधी विचारायचं. सौंदत्तीला जाणार असाल तर बनद हुण्णवे आणि भारत हुण्णवे, म्हणजे पौष आणि माघाची पौर्णिमा, या दिवसांत यल्लम्माची एवढी गर्दी असते की किल्ला बघणं जमतच नाही.

१३. गावात देवळासमोर लढाईची चित्रं कोरलेले दगड उभे असतात ते काय? सगळे म्हणतात देव आहेत.

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांब आहे.

ते वीरगळ. गावासाठी, गुरांसाठी, राजासाठी लढून मेलेल्या माणसाची आठवण. वाचायचा खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई, कधी घोडा, कधी ढाल-तलवार, कधी पाठमोऱ्या गाईंची रांग, गाई असल्या तर समजायचं पळवलेली गुरं सोडवताना माणूस पडला. मधल्या चौकटीत दोन्ही बाजूंनी अप्सरा त्याला धरून वर नेतायत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलाय, शेजारी पुजारी. आणि टोकाला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची आठवण राहणार. कोपरात वाकलेला एकच हात, बांगड्यांसकट, कोरलेला असला तर तो सतीचा दगड. गाढव कोरलेलं असलं तर ती गद्धेगाळ, दिलेलं दान कुणी मोडू नये म्हणून घातलेली शिवी. ध्यानाला बसलेला साधू असला तर जैनांची निषिधी, म्हणजे गेलेल्या साधूच्या आठवणीचा दगड असू शकतो.

खानापूरकडच्या एका गावात बोअरिंगच्या शेजारी असा दगड होता, अर्धा मातीत, वरच्या दोनच चौकटी दिसत होत्या. मी खाली बसून बघत होते तर एक आजी घागर ठेवून आल्या आणि पदरानं दगडाचा चेहरा पुसला, लेकराचा पुसावा तसा. म्हणाल्या, "आमचा वीर तो. पावसाच्या आधी त्याला तेल घालतो आम्ही." नाव माहीत नाही, कुठल्या लढाईत गेला माहीत नाही, आठशे वर्षं झाली असतील, पण तेल चुकलेलं नाही. तेलानं नक्षी बुजते हे खरं आहे, शेंदरानं तर फारच, आणि तरीही मी त्यांना काही बोलले नाही. ज्या गावानं तेल घालायचं सोडलं त्या गावचे वीरगळ मी गटारावर फरशी म्हणून टाकलेले बघितलेत.

१४. शिलालेखाचा फोटो नीट येत नाही, खडू किंवा पीठ लावलं तर चालेल?

अजिबात नको. खडू, पीठ, भस्म, तेल, घासायचा ब्रश, काहीच नको. दगडाच्या बारीक भोकांत ते बसतं आणि पावसात दगड सुटायला लागतो. संरक्षित ठिकाणी तर हा गुन्हा आहे.

उजेड वापरा. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर ऊन तिरकं येतं, तेव्हा अक्षरं आपोआप उठून दिसतात. सावलीत असेल तर एकानं टॉर्च दगडाला अगदी चिकटून बाजूनं धरायची आणि दुसऱ्यानं समोरून फोटो काढायचा. एक पूर्ण दगडाचा, मग ओळीओळीनं, आणि एकात शेजारी पेन ठेवून म्हणजे आकार कळेल. वाचायला हळेकन्नड जाणणारी माणसं धारवाडला कर्नाटक विद्यापीठाच्या कन्नड संशोधन संस्थेत आहेत, ती संस्था १९३९ पासून हेच काम करते आणि तिचं स्वतःचं म्युझियमही आहे. बेळगावच्या वडगाव-माधवपूरला सातवाहन काळातली वस्ती उत्खननात निघाली, त्यात गोडी असेल तर तिथं विचारा.

१५. पावसाळ्यात जावं का? भीमगडला जायचंय.

बेळगाव-कित्तूर पावसातही चालतं. हलशी-नंदगड बाजूला जून ते सप्टेंबर पाऊस धो धो, जांभा दगड शेवाळून साबणासारखा होतो, पडून हात मोडून घेऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. भीमगड अभयारण्यात येतो, २०११ पासून. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जायचं नाही, गावातला पोरगा "मी नेतो" म्हणाला तरी नाही, पकडलं तर केस त्याच्यावरही होते. गडाची हौस असेल तर येळ्ळूरचा राजहंसगड साधारण १५ किलोमीटरवर, वरपर्यंत रस्ता, २०२३ ला उभारलेला शिवरायांचा पुतळा आहे आणि संध्याकाळी सगळं बेळगाव दिसतं.

१६. गाडी नाही, बसनं होईल का? बायकांना बस फुकट आहे ना?

होतं, मी बहुतेक बसनंच फिरते. कित्तूरला धारवाडच्या बसनं, हलशीला खानापूरला उतरून बदलून. परतीची शेवटची बस उतरल्या उतरल्या कंडक्टरला विचारायची.

फुकट प्रवास जून २०२३ पासून आहे, पण कर्नाटकात राहणाऱ्या बायकांनाच, ओळखपत्र दाखवून, आणि साध्या बसमध्ये. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरहून येणाऱ्या मावश्यांनी तिकीट काढायचं. सासर इकडं पण आधारवर अजून माहेरचा महाराष्ट्रातला पत्ता असेल तरीही तिकीट लागतं, हा घोळ बॉर्डरवरच्या पुष्कळ जणींचा होतो.

१७. शिवजयंतीला बेळगावात येतोय, त्याच दिवशी किल्ला बघून होईल?

बेळगावात शिवजयंतीचा मोठा उत्सव वैशाखात होतो, १९ फेब्रुवारीला शोधत येऊ नका. चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, गावातले रस्ते बंद. ती बघण्यासाठीच या आणि मुक्काम करा, ठिकाणं दुसऱ्या दिवशी दुपारनंतर.

१८. शेतात नांगरताना जुनी नाणी, मूर्ती मिळाली तर? सरकार जमीन घेईल अशी भीती वाटते.

वस्तू सापडली म्हणून जमीन जात नाही. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, जमिनीत लपलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू मिळाली तर कळवावं लागतं, आपल्याकडं डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसला, तहसीलदारामार्फत केलं तरी चालतं. लपवून विकली तर मात्र खरा त्रास. शंभर वर्षांवरच्या पुराण वस्तूंना १९७२ चा वेगळा कायदा आहे.

कळवायच्या आधी एक करा, जिथं मिळाली तिथंच फोटो काढा आणि खड्डा तसाच ठेवा. नाणं घासून चकचकीत करू नका, त्याच्यावरचं सगळं जातं. मूर्ती उचलून नवीन देऊळ बांधायची घाई करू नका.

१९. आजोबांच्या पेटीत मोडीतले कागद आहेत. म्युझियमला द्यावेत का?

द्यायचं नंतर ठरवा, आधी वाचवा. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, उन्हात टाकू नका. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, प्लॅस्टिकची पिशवी नको, घाम धरते. प्रत्येक पानाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मग वाचून घ्या, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हे काम करतंय आणि मोडी शिकवणारे वर्गही आता खूप ठिकाणी चालतात. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, म्हणून आपल्या गावांचे जुने सरकारी कागद बेंगळुरूपेक्षा पुण्या-मुंबईच्या दफ्तरात जास्त मिळतात, हे वंशावळ शोधणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

बहुतेक कागद जमिनीचे, कर्जाचे, लग्नातल्या देण्याघेण्याचे निघतात आणि घरचे लोक निराश होतात. निराश होऊ नका. शंभर वर्षांपूर्वी तुमच्या गावात जोंधळा काय भावानं गेला, कुठल्या शेताला काय नाव होतं, हे दुसऱ्या कुठंच लिहिलेलं नसतं.

२०. बॉर्डरच्या पलीकडचं पण सांगा की, खिद्रापूर करायचंय.

करा, आणि दोन राज्यांत मिळून करा. खिद्रापूरचं कोपेश्वर कोल्हापूर जिल्ह्यात कृष्णाकाठी, शिलाहार राजांच्या काळातलं. स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध गोल उघडी जागा आहे, बरोबर खाली गोल शिळा, भोवती खांबांची वर्तुळं. दुपारी बाराच्या आसपास उजेडाचा गोल जमिनीवर पडलेला बघा.

पण महादेवाचं देऊळ असून समोर नंदी नाही. लोक सांगतात या महादेवाचा नंदी यडूरला आहे, नदीच्या अलीकडं, चिक्कोडी बाजूला, म्हणजे कर्नाटकात. सकाळी यडूरला नंदीचं दर्शन घ्यायचं, मग नदी ओलांडून कोपेश्वराला जायचं, आमच्याकडचे जुने लोक असंच करतात. मीही आईला घेऊन असंच गेले होते. यडूरला तिनं नंदीच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि खिद्रापूरला पोचल्यावर पिंडीसमोर डोळे मिटून पुष्कळ वेळ बसून राहिली.